पिवळं मूळ, पांढरं मूळ

१

नेवेंकाच्या डोक्यावर पाच घाव होते. खालच्या गावातून खेचरावर बसून आलेल्या डॉक्टरांनी ते दोनदा मोजले आणि चष्मा पुसत म्हणाले, "दुसऱ्या घावातच संपली बिचारी. पुढचे तीन नुसत्या रागाचे."

इन्स्पेक्टर ब्लागोता अजून उंबऱ्यातच होता. आत पाऊल ठेवायला कोरडी जागा शोधत होता. खोपीच्या मातीच्या जमिनीवर रक्ताचं थारोळं पसरलं होतं आणि त्यावर पिवळसर भुकटीचा थर साचला होता. जातं आडवं पडलं होतं. त्याच्या शेजारी खलातला लोखंडी बत्ता, टोकाला करडे केस चिकटलेले. नेवेंका बाकावरून उजव्या कुशीवर कोसळली होती. एक हात पुढे पसरलेला, तळवा उघडा, जणू कुणाला थांबवत होती.

ब्लागोताने नकळत ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"लिंत्सुरा, कडू मुळी," डॉक्टर म्हणाले. "सकाळीच दळायला घेतलेली दिसते. हवेत अजून तरंगतेय. यातली चिमूट घागरभर पाणी कडू करते. निघताना साबणाने तीनदा हात धुवा. नुसत्या पाण्याने काही होत नाही. चार दिवस स्वतःचाच घास कडू लागतो."

बेलासित्सा डोंगराच्या या पठारावर उन्हाळ्यात गुरं घेऊन येणाऱ्यांच्या दहाबारा खोपी होत्या. सगळ्यात टोकाची नेवेंकाची. तिच्याकडे गुरं नव्हती. आढ्याला मुळं टांगलेली, भिंतीला बियांच्या पिशव्या. कुणाचे डोळे पिवळे झाले, कुणाचं पोट उजव्या बाजूला फुगलं, की माणसं तिच्याकडे यायची. चाळीस वर्षं येत होती. गेल्या तीन आठवड्यांत मात्र तिच्या दारात काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

बाहेर जमलेल्यांत एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. एक म्हातारा काठीवर रेलून थुंकला. "रादोयेला मारलंन, आता स्वतः मेली. फिटलं."

ब्लागोता त्याच्याकडे वळला. "तुझी कावीळ कुणी बरी केली होती रे, आजोबा?"

म्हातारा दुसरीकडे बघू लागला.

ब्लागोता पुन्हा आत गेला. चुलीजवळच्या ठोकळ्यावर एक तबक होतं. त्यात गार झालेली कॉफी, काठोकाठ भरलेली. काचेच्या बशीत रानस्ट्रॉबेरीचा मुरांबा, चमचा आणि पाण्याचा पेला. कशालाच हात लागलेला नव्हता. म्हणजे आलेलं माणूस चोरपावलांनी आलं नव्हतं. नेवेंकाने त्याला बसवलं होतं आणि घरातली सगळ्यात चांगली बशी काढली होती.

तेवढ्यात हवालदार धापा टाकत आला. "साहेब, चला लवकर! वुकाशिनने ग्रुबानला ओढ्यावर गाठलंय. जीव घेणार तो त्याचा!"

२

ओढ्याकाठी ग्रुबानचा तंबू होता. हा माणूस चोरून लिंत्सुरा खणायचा आणि पोत्यांनी सीमेपार विकायचा. नेवेंकाने दोनदा त्याची तक्रार केली होती, म्हणून सकाळपासून ब्लागोताच्या यादीत त्याचं नाव होतं. आता तो चिखलात उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर गुडघे रोवून वुकाशिन बसला होता. कुदळीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ग्रुबानच्या गळ्यावर दाबत होता. ग्रुबानचा चेहरा जांभळा पडला होता. टाचा चिखल उकरत होत्या.

"सोड त्याला!"

ब्लागोताने हवेत गोळी झाडली. वुकाशिनने मानही वळवली नाही. मग ब्लागोताने पुढे होऊन पिस्तुलाचा दस्ता त्याच्या कानशिलावर हाणला, एकदा आणि मग पुन्हा. दुसऱ्या फटक्याला तो बाजूला लवंडला. हवालदाराने त्याच्या पाठीवर पाय देऊन हात बांधले.

ग्रुबान कुशीवर वळून ओकला. रक्ताबरोबर दोन दात पडले. जबडा एका बाजूला लोंबत होता.

"काय केलं होतं याने तुझं?" ब्लागोताने विचारलं.

"चोर आहे साला," वुकाशिन धापा टाकत म्हणाला. "डोंगर पोखरून खातो."

"डोंगराची काळजी तुला आजच सुचली? तीन आठवड्यांमागे तुझ्या भावाच्या, रादोयेच्या मातीला उभा राहून तू ओरडलास, नेवेंकाचं डोकं फोडीन. शंभर माणसांनी ऐकलं."

"ओरडलो होतो." वुकाशिनचा आवाज एकदम बसला. "पण फोडलं नाही. आईची शपथ, मी तिला हात लावलेला नाही."

ब्लागोता ग्रुबानशेजारी उकिडवा बसला. "का मारत होता?"

ग्रुबानने आधी वुकाशिनच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. मग मोडक्या जबड्यातून शब्द कसेबसे बाहेर ढकलले.

"पानं... त्याला पानं कळत नाहीत."

एवढं बोलून तो शुद्ध हरपून पडला.

३

वुकाशिनला घेऊन ते त्याच्या खोपीकडे आले, तेव्हा त्याची आई दारातच उभी होती. स्तोयांका. सत्तरीची, पण देह ओकच्या खोडासारखा. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. थोरल्या लेकाला, रादोयेला, जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नव्हते. धाकट्याचे बांधलेले हात बघून तिचा चेहरा ताठ झाला.

"याला कशाला धरलंस, लेकरा? हा सकाळभर इथंच पडला होता. काल रात्री ढोसून आला तो आठ वाजेपर्यंत घोरत होता."

"तू पाहिलंस, मावशी?"

"माझ्या डोळ्यांनी. मी पाचपासून गोठ्यात. गायी पिळल्या, भांडी घासली, कुठं गेले नाही. गोठ्यातून याचे पाय दिसतात, विचार हवं तर."

आत रादोयेची विधवा येला चुलीशी बसली होती. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलं होतं. पाच दिवसांपूर्वी उकळतं दूध अंगावर सांडलं होतं. ती म्हणाली, "मी मेंढ्या घेऊन वर गेले होते. निघाले तेव्हा भावजी झोपलेलेच होते, आले तेव्हाही." तिने डाव्या हाताने पाव आणि साय पुढे केली. ब्लागोताने घास मोडला. या पठारावर कुणाच्या घरचं नाकारलं तर पुढचं बोलणं बंद.

"मावशी, नेवेंकाकडे तू शेवटची कधी गेलीस?"

"रादोयेला माती दिल्यावर नाही. त्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं मला." स्तोयांकाने हात कमरेवर बांधले. "माझ्या पोराचं यकृत बिघडलं होतं, हे मलाही माहीत होतं. दारूने बिघडलं. पण माणूस चालत होता, खात होता. तिची ती लिंत्सुरा मुरवलेली फळांची दारू, राकिया, प्यायला आणि दोन तासांत ओकून ओकून गार पडला. नाडी कशी अडखळत चालली होती. माझ्या मांडीवर गेला तो."

"बाटली नेवेंकाची होती, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? यकृताचं औषध अजून कोण देतं इथं?" मग तिने वुकाशिनकडे बोट केलं. "यानेच तर आणून दिली होती. नेवेंकाने दिली म्हणाला."

वुकाशिन खाली मातीत बघत होता.

ब्लागोताच्या हातातला घास तसाच राहिला. त्याला आपला बाप आठवला. तोही पिऊन पिऊन पिवळा झाला होता आणि नेवेंकाने त्याला दोन वर्षं जगवलं होतं. सिकावित्सा नावाच्या काटेरी झाडाच्या बिया कुटून द्यायची, मास्लाचाक नावाच्या पिवळ्या रानफुलाच्या मुळांचा काढा द्यायची. एकदा बापाने गयावया केली, मावशी, काढा राकियात कालवून दे, नुसता घशाखाली उतरत नाही. तेव्हा तिने त्याच्या हातातला पेला हिसकावून चुलीत फेकला होता. भडका उडाला होता. "माझा पाला फक्त सोबतीला आहे," ती ओरडली होती. "औषध म्हणजे दारू सोडणं. यकृताच्या रोग्याला माझ्या हातून थेंबही मिळणार नाही!"

ती राकिया नेवेंकाची असणं शक्यच नव्हतं.

४

तो पुन्हा नेवेंकाच्या खोपीत गेला आणि यावेळी फळ्या, मडकी, पिशव्या एकेक करून उपसल्या. बियांच्या बरणीमागे रुमालाची गाठ सापडली. सोडली तर आत राकियात मुरून मऊ झालेल्या मुळाच्या चकत्या होत्या. त्याने आढ्याची लिंत्सुरा तोडून शेजारी धरली. लिंत्सुरा आतून पिवळीधमक. रुमालातल्या चकत्या आतून पांढुरक्या, कडेला बारीक मुळ्यांचे दोरे.

त्याने त्यातली एकही जिभेला लावली नाही. त्याची आजी हेच मूळ उकळून मेंढ्यांच्या उवा मारायची आणि मडकं मग जमिनीत पुरायची. चेमेरिका. दोघी एकाच कुरणात उगवतात. फुलोरा येईपर्यंत बहिणी-बहिणी वाटाव्यात अशा.

डॉक्टरांनी ग्रुबानचा जबडा बांधून त्याला शुद्धीवर आणलं होतं. ब्लागोताने रुमाल त्याच्यासमोर उलगडला.

"पानं म्हणालास. आता पूर्ण सांग. खणण्याबद्दल आज तुला काही विचारत नाही."

ग्रुबानने बोटांनी हवेत दाखवलं. दोन बोटं समोरासमोर. "लिंत्सुरा. पानं जोडीने." मग एक इकडे, एक तिकडे, वर चढत. "चेमेरिका. एकाआड एक." तो थांबून थांबून बोलत राहिला. मे महिन्यात वुकाशिन त्याच्याकडे मजुरीला होता. पहिल्याच दिवशी त्याने अर्धं पोतं चेमेरिका खणून आणली. ग्रुबानने कारण न सांगता त्याला हाकललं आणि पोतं दरीत टाकायला सांगितलं. त्याने टाकलंही. पण आपली 'लिंत्सुरा' म्हणून चारपाच मुळं खिशात घालून नेली. भावासाठी.

"भाऊ राकियासाठी रडायचा," ग्रुबान म्हणाला. "याला वाटलं, मूळ घातलं की औषध होईल."

"आणि नेवेंकाला हे कळलं?"

"मयताच्या दिवशीच. बाटलीतला गाळ तिने बघितला आणि रुमालात बांधून नेला. वुकाशिनला बाजूला घेऊन म्हणाली, आईला तू सांग, मी सांगणार नाही. हा मला दारूत सांगून बसला. आज मी त्याला म्हटलं, नेवेंका गेली, आता मला तरी बोलू दे... तर हा कुदळ घेऊन धावला."

हवालदाराने मांडीवर थाप मारली. "मग झालं की, साहेब! नेवेंकाचं तोंड बंद करायला तिला मारलं, ग्रुबानचं बंद करायला त्याला मारत होता. आई लेकासाठी खोटं बोलतेय."

सगळं जुळत होतं. ब्लागोताला एकच गोष्ट खटकत होती. मुरांब्याची बशी. मुरांबा आणि पाणी पुढे करतात ते घरी पहिल्यांदा किंवा फार दिवसांनी आलेल्या मानाच्या माणसाला, आणि तेही बायका बायकांना. वुकाशिनला नेवेंकाने दारातच उभं करून विचारलं असतं, सांगितलंस का रे आईला?

बाहेर गोठ्यात एक वासरू केव्हापासून हंबरत होतं. भुकेलं, चिडलेलं. हवालदार वैतागून म्हणाला, "सकाळपासून कान किटवलेत त्याने. स्तोयांकाचं आहे."

ब्लागोता उठला.

५

गोठ्यात गाय बांधलेली होती आणि वासरू मोकळं होतं. ते कासेला ढुशी द्यायचं, सड तोंडात घ्यायचं आणि लगेच सोडून मान झाडायचं. तोंडाला फेस आला होता. पुन्हा घ्यायचं, पुन्हा थुंकायचं. गाय मागे वळून त्याला चाटत होती.

ब्लागोता गुराख्याच्या घरातला होता. त्याने सडावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. सकाळी नेवेंकाच्या उंबऱ्यात ओठांना लागली होती तीच चव.

"येला!" त्याने हाक मारली. ती आल्यावर त्याने विचारलं, "वासराचं दूध तोडताय का तुम्ही? सडांना कडू लावलंय."

"काहीतरीच! तीन आठवड्यांचं पोर आहे ते. आत्ताच कोण तोडेल?"

"घरात लिंत्सुरा आहे?"

"तुकडासुद्धा नाही. हे गेले त्या दिवशी सासूबाईंनी होती नव्हती ती सगळी चुलीत घातली."

"काल संध्याकाळी वासरू प्यायलं होतं?"

"पोट फुटेस्तोवर."

"मग आज सकाळी धार कुणी काढली?"

येलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिची नजर फडक्यात गुंडाळलेल्या आपल्या हातावर गेली. मग भावजी आठवले, सकाळी दारूत बेशुद्ध पडलेला पुरुष, आणि या डोंगरावर पुरुष गायीच्या कासेला हात लावत नाहीत. तिने तोंड मिटलं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"सकाळचं दूध नासलं म्हणून त्यांनी डुकरांना ओतलं," ती पुटपुटली. "मला चाखूही दिलं नाही."

मागे दारात सावली पडली.

"पोरीला कशाला छळतोस?" स्तोयांका म्हणाली. "मला विचार."

६

ती ओंडक्यावर बसली. हवालदाराने वुकाशिनला आत आणलं होतं. तो भिंतीशी उभा होता.

"पाचला तू गोठ्यात नव्हतीस, मावशी," ब्लागोता म्हणाला. "येला मेंढ्या घेऊन गेली, वुकाशिन घोरत होता, आणि तू नेवेंकाकडे गेलीस. तिने तुला बसवलं, मुरांबा दिला. नंतर तू परत आलीस, पन्हाळीवर हात धुतलेस आणि धार काढायला बसलीस, कारण तशी बसलेली दिसायला हवी होतीस. रक्त पाण्याने गेलं. लिंत्सुरा गेली नाही."

स्तोयांकाने आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग उजवी बाही पुढे केली. "फडकं ओलं करून पूस, पोरा. काळ्यावर दिसत नाही एवढंच."

हवालदाराने पुसलं. फडकं तांबडं झालं. येला भिंतीला टेकून खाली बसली.

"मी मारायला नव्हते गेले," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात ना रडू होतं ना माफी. "तिच्या तोंडून ऐकायचं होतं. चूक झाली म्हण, बाई, मी गप्प बसेन. ती मला बघून एवढी हरखली! धावत बशी काढली. म्हणाली, आलीस, बरं झालं, कळलं ना तुला? मी म्हटलं, काय कळायचं? तशी एकदम थिजली. म्हणाली, स्तोयांका, बाटली माझी नव्हती. मी विचारलं, मग कुणाची? तर गप्प. तीनदा विचारलं. नुसती जातं ओढत बसली, डोळ्यांतून पाणी काढत. मला वाटलं, खोटं बोलतेय आणि नाव सुचत नाहीये. बत्ता समोर होता. ती गप्प, मी मारतेय. ती पडली तरी गप्प. मला तिला बोलतं करायचं होतं."

ब्लागोताच्या खिशात तो रुमाल होता. त्याने तो काढला नाही. तो फक्त वुकाशिनकडे बघत राहिला. सरळ, पापणी न हलवता.

वुकाशिनचे ओठ दोनदा हलले.

"आई," तो म्हणाला, "मूळ मी खणलं होतं."

"कसलं मूळ?"

"बाटलीतलं. रादोये मागत होता. मला लिंत्सुरा वाटली. नेवेंकाने काही दिलं नव्हतं. तिला नंतर कळलं. ती मला रोज विचारायची, सांगितलंस का? मी उद्यावर ढकलायचो."

स्तोयांका त्याच्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि समजल्याचं सगळ्यांना दिसलं. मान एका बाजूला कलली, जशी फटका बसल्यावर कलते.

"म्हणजे मला दुसरा लेक राहावा म्हणून ती..." ती थांबली. "आणि तू तीन आठवडे माझ्या ताटात जेवलास. रोज तिला शिव्या घालताना ऐकलंस मला. माझ्या शिव्यांत शिव्या मिसळल्यास."

"आई, मला भीती..."

ती उठली आणि तिने त्याच्या तोंडात मारली. बांधलेल्या हातांनी त्याला सावरता आलं नाही. डोकं दगडी भिंतीवर आपटलं आणि भुवई फुटून रक्त आलं. तिने पुन्हा हात उगारला. मग तो हात तिने स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता, आणि हळूच खाली घेतला.

"चल, इन्स्पेक्टर," ती म्हणाली.

हवालदाराने वुकाशिनला पुढे काढलं. बाहेर माणसं जमली होती. आतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं असावं, कारण कुणी थुंकत नव्हतं, कुणी काठी आपटत नव्हतं. सकाळचा तो म्हातारा टोपी काढून उभा होता. ब्लागोताने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

जीप खालच्या वळणावर उभी होती. तिथवर जाताना स्तोयांका एकदाच थांबली.

"तिला अंघोळ कोण घालणार?"

"नेवेंकाला? तिचं कुणी नाही. उद्या खालून बाई पाठवतो."

"उद्यापर्यंत ती तशीच पडणार?" तिने वळून खोपीच्या दारातल्या सुनेला हाक मारली. जन्मभर त्या घरात हुकूम सोडलेला आवाज, पण आता त्यात विनवणी होती. "येला! अंग धुवायला वाईन आणि कोमट पाणी ने. माझी पेटीतली नवी चादर ने, माझ्या मरणासाठी ठेवलेली. केस नीट धू. घाई करू नको."

येला आत वळली. थोड्या वेळाने ती बाहेर आली. चादर खांद्यावर, डाव्या हातात बादली. एका हाताने पेलत नव्हती. पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं. तो टोपीवाला म्हातारा बादली घ्यायला पुढे झाला.

"दूर हो," ती म्हणाली.

आणि सगळ्या खोपींसमोरून, मध्ये मध्ये बादली टेकवत, ती एकटीच टोकाच्या खोपीकडे चढत गेली.